अळणी दिवस

“पडलेला दात केरात टाकायचा नसतो, रोहे. कणकेच्या गोळीत घालायचा, तुळशीच्या मुळाशी पुरायचा आणि हात जोडून सांगायचं, ‘बाई, लेकराचं जे काही असेल ते तुझ्यापाशी सांभाळ.’”

आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती. तरी कुंडीतल्या मातीला बोट लागलं की रोहिणीबाईंच्या कानात हे वाक्य तसंच्या तसं उमटे, आईच्या त्या जराशा घोगऱ्या आवाजासकट. त्या सकाळीही उमटलं. नाशिकच्या गंगापूर रोडवरची इमारत, चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी, हातात तांब्याचा गडू. एकसष्ट वर्षांच्या रोहिणीबाई वडनेऱ्यांचा दिवस असाच सुरू होई. अंघोळ, तुळशीला पाणी, निरांजन आणि मग एकरेघी वहीत एकशे आठ वेळा ‘श्रीराम जय राम जय जय राम’. मुलाच्या, सोहमच्या, लग्नाच्या वर्षी धरलेला हा नेम त्यांनी एक दिवस मोडला नव्हता. वहीत आधी तारीख, मग नाम. छत्तीस वर्षं टपाल कचेरीत काढलेली बाई. तिथे सकाळचं पहिलं काम शिक्क्यातली तारीख बदलायचं. हाताला ते वळणच पडून गेलेलं. तारीख घातल्याशिवाय देवाला लिहिलेलंही पोचायचं नाही, असं त्यांना आपलं वाटे.

गडू खाली ठेवला तोच बेल वाजली.

दारात तिशी ओलांडलेली एक मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात छोटी पेटी.

“काकू, मी तरन्नुम इनामदार. कुटुंब न्यायालयाने मुलींच्या बाजूने नेमलंय मला. आईच्या नाही, बाबांच्या नाही. मुलींच्या.”

“सोहम कामावर गेलाय.”

“माहितीये. आदेशाची प्रत त्यांच्या वकिलांना पोचलीय. मला तुम्हीच हव्या होतात.”

रोहिणीबाईंनी तिला आत घेतलं. चहाचं विचारलं.

“चालेल, पण बिनसाखरेचा. डॉक्टरांनी साखर सोडायला सांगितलीय. मी अजून फक्त चहातलीच सोडलीय,” तरन्नुम म्हणाली आणि समोरच्या बशीतली नानकटाई उचलून मोकळी झाली.

रोहिणीबाईंना हसू आलं. सात महिन्यांत या घरात कुणी हसलं नव्हतं. सात महिन्यांपूर्वी सून शर्वरी दोन पिशव्या आणि दोन मुली घेऊन सिडकोत बहिणीकडे निघून गेली होती. साडेनऊ वर्षांची मैथिली आणि चार वर्षांची ओवी. आता सोहमने अर्ज केला होता, मुली निम्मे दिवस त्याच्याकडे हव्यात म्हणून.

“त्यांचं म्हणणं असं,” तरन्नुमने कप खाली ठेवला, “की त्यांनी बायकोवर कधी हात उगारलाच नाही. पहिली वर्षं तर सोन्यासारखी होती. दोन वर्षांपूर्वी शर्वरीताईंनी नोकरी धरली, तिथून कुरबुर सुरू झाली आणि आता मुली हातच्या जाऊ नयेत म्हणून त्या मागच्या मागच्या कहाण्या रचतायत. ताईंकडे आवाजाच्या फिती आहेत, पण त्या न्यायालय हल्ली हातातही घेत नाही. कुणाच्याही तोंडी कुणाचाही आवाज घालून देणारी यंत्रं शाळकरी पोरांकडे आहेत. दवाखान्याचे कागद म्हणाल, तर दर वेळी ‘न्हाणीघरात पाय घसरला’.”

रोहिणीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“मग उरतं कोण? मैथिली. न्यायाधीशबाई तिला आत बोलावणार, आणि बाबांचे वकील प्रश्न धाडणार. ती काहीही बोलली तरी घरातलं कुणी ना कुणी तुटणारच, आणि ते आपल्यामुळे तुटलं असं ती पोर जन्मभर म्हणत राहणार. काकू, मला ते टाळायचंय. परवा गप्पा मारताना ती म्हणाली, ‘माझे दात आजीच्या तुळशीत आहेत.’ तेव्हाच माझ्या डोक्यात आलं.”

“दातांचं काय करणार?”

“वाचणार.” तरन्नुम पुढे सरकली. “झाडाच्या बुंध्यात वर्षाला एक कडं पडतं ना? दातात दिवसाला एक थर पडतो. मूल पोटात असल्यापासून दुधाचा दात रोज एक थर चढवतो, केसाच्या जाडीत वीस-पंचवीस मावतील इतका बारीक. मूल सुखात असलं की थर सरळ. मूल भेदरलं की अंगात जे रसायन धावतं ते त्या दिवसाच्या थरात अडकतं, थर रचणाऱ्या पेशीही अडखळतात आणि तिथे काळी रेषा पडते. मग काम पुन्हा सुरू. पण पडलेली रेषा दात काही पुसत नाही. मैथिलीची दाढ म्हणजे तिच्या पहिल्या अडीच वर्षांची रोजनिशी आहे. ती ‘सोन्यासारखी’ वर्षं.”

रोहिणीबाईंनी देवघराकडे एकदा पाहिलं. मनात आलं, दात तो काय बोलणार! आणि लगेच दुसरं आलं, बोलला तर पोरीला बोलावं लागणार नाही.

त्यांनी बाल्कनीत जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि खुरपीने कडेकडेची माती अलगद सैल केली. मैथिलीचे बाकी दात शाळेत, मैदानात कुठे कुठे पडले, एक तर तिने पेरूबरोबर गिळला होता. इथे पुरलेले दोन. पुढचा एक, आणि घर सोडण्याच्या आठवडाभर आधी पडलेली दाढ. मातीतून मात्र तीन निघाले.

“तीन?” तरन्नुमने विचारलं.

“असेल आणखी एखादा. विसरले असेन,” रोहिणीबाई म्हणाल्या.

तिन्ही दात तीन नळ्यांत गेले. नळ्यांना सील लागलं, सीलवर तारीख पडली. टपालातल्या बाईला ते पाहून उगाचच धीर आला.

*

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेत डॉक्टर निनाद खैरनारांनी भिंतीवरचा पडदा उजळला. त्यावर मैथिलीची दाढ पसरली होती, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप हजारपट मोठा केलेला. शांत नदीच्या वाळूवर उमटतात तशा ओळीमागून ओळी. रोहिणीबाईंना क्षणभर आपली एकरेघी वहीच आठवली.

“ही ठळक रेघ जन्माची,” डॉक्टर म्हणाले. “जन्मणं हाही बाळाला केवढा तरी धक्का असतो. जन्मतारीख आपल्याला माहीत आहे, तेव्हा इथून थर मोजत गेलं की तारीख सापडते. दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे. या पिवळ्या चार खुणा तापाच्या. तापात थरातला जस्ताचा अंश बदलतो, म्हणून त्या वेगळ्या काढता येतात. आणि या काळ्या.”

“किती?” तरन्नुमने विचारलं.

“तेरा.”

डॉक्टर तारखा वाचू लागले. पहिली, मैथिली पाच महिन्यांची असतानाची, संक्रांतीच्या आसपास. दुसरी पाडव्यानंतर चौथ्या दिवशी. तिसरी ज्येष्ठातली. रोहिणीबाईंच्या हातातली पिशवी घसरून मांडीवर आली. संक्रांत. तिळगुळाचा पाक बिघडला होता. एवढंच. तिळगुळाचा पाक.

“वाईट एवढंच,” डॉक्टरांनी चष्मा काढला, “की यंत्र ‘केव्हा’ ते सांगतं, ‘का’ ते सांगत नाही. त्यांचे वकील म्हणतील, मूल खाटेवरून पडलं असेल, कुत्रा भुंकला असेल, आईच चिडकी असेल. न्यायालयाचा नियम आहे, दाताला दुसऱ्या कशाची तरी जोड हवी. त्या दिवशी त्या घरात काय झालं ते सांगणारं कुणीतरी.”

“म्हणजे पुन्हा मैथिलीच,” तरन्नुम पुटपुटली.

निघताना डॉक्टरांनी रोहिणीबाईंना एकटीलाच थांबवलं.

“तिसरा दात, काकू. तो मैथिलीचा नाही. मुलाचा आहे, तिच्या अगदी जवळच्या रक्ताचा, आणि तीसएक वर्षं मातीत असलेला. खटल्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून मी तो अहवालात घेतलेला नाही. पण यंत्रात तिन्ही एकदम लावले होते, त्यामुळे तोही वाचला गेला. हा दात कुणाचा?”

रोहिणीबाईंना मनमाडचं क्वार्टर आठवलं. तिथली पत्र्याच्या डब्यातली तुळस. नाशिकला बदली झाली तेव्हा सामानाच्या टेम्पोत त्या पुढे मांडीवर माती घेऊन बसल्या होत्या. तुळशीची माती टाकत नाहीत. नवऱ्याने त्यावरूनही वाटभर ऐकवलं होतं. जुनी माती नव्या कुंडीत गेली, आणि मातीबरोबर हाही आला.

“माझ्या मुलाचा,” त्या म्हणाल्या. “त्यात किती आहेत?”

“नक्की ऐकायचंय?”

“सांगा.”

“एकोणीस.”

*

दुपारी घरी आल्यावर त्यांनी देवघरातलं खालचं कपाट उघडलं. नामाच्या वह्या वर्षावर्षाने लावलेल्या होत्या. त्यांनी मैथिलीच्या जन्मवर्षापासूनच्या चार वह्या काढल्या, डॉक्टरांचा कागद शेजारी ठेवला आणि चष्मा पुसला.

संक्रांतीचं पान. तारीख, एकशे आठ नामं आणि समासात बारीक अक्षरात एक शब्द, ‘अळणी’.

पाडव्यानंतरचा पाचवा दिवस. ‘अळणी’.

सोहमने शर्वरीवर हात टाकला की दुसऱ्या दिवशी रोहिणीबाई मीठ सोडत. मुलाचं पाप आईने फेडावं, एवढंच त्यांना तेव्हा सुचलं होतं. अळणी वरण, अळणी भात, घास तोंडात फिरे. मग समासात तो शब्द लिहायचा, म्हणजे देवाच्या दफ्तरी नोंद पडली. आणि मार पडला त्या संध्याकाळी काय केलं होतं? मैथिलीला उचलून देवघरात आणलं होतं, दार लावून घेतलं होतं, भजनाचा आवाज वाढवला होता. पोरीच्या कानावर काही पडू नये म्हणून. तान्ह्या मुलाला काय कळतं, असंही मनाशी म्हटलं होतं.

त्यांनी एकेक तारीख ताडून पाहिली. तेराच्या तेरा जुळल्या. कुठे एक दिवस मागे, कुठे एक दिवस पुढे. त्यापुढच्या वह्यांत तो शब्द आणखी कितीदा होता, ते मोजायचं धाडस त्यांना झालं नाही.

दार बंद होतं, भजन चालू होतं, पोर मांडीवर होती. आणि मांडीवरच्या पोरीची दाढ त्या दिवसाची रेघ ओढत होती.

देवासमोर बसल्या बसल्या त्यांना पहिल्यांदा स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वेळा देवाला कळवलं. माणसाला एकदाही नाही. आणि देवाने तरी काय करावं? दार बाहेरून का उघडता येतं?

*

रविवारी त्या सिडकोत गेल्या. शर्वरीच्या बहिणीच्या इमारतीखाली बाग होती. ओवी घसरगुंडीवर होती. मैथिली बाकावर बसून जिभेने एक दात ढकलत होती. शर्वरी आली आणि जरा अंतर ठेवून उभी राहिली. नमस्काराला वाकली नाही. रोहिणीबाईंना ते बरंच वाटलं.

“बोला, आई.”

रोहिणीबाईंनी वह्यांचं सांगितलं. काही झाकलं नाही, काही सजवलं नाही. शर्वरी ऐकत राहिली, मग एकदम हसली. ते हसू पाहवत नव्हतं.

“म्हणजे तुमच्याकडे सगळं लिहिलेलं होतं. वा! दार लावून भजन लावायचात ना तुम्ही, मला बाहेर ऐकू यायचं. मार खाता खाता मला निम्मे अभंग पाठ झाले, आई. विचारा कुठलाही.”

“लावायचे,” रोहिणीबाई म्हणाल्या. “खोटं नाही.”

“मग आज का आलात? माफी मागायला?”

“ती मागायला तोंड नाही मला. विचारायला आलेय. वह्या कोर्टात दिल्या, मी उभी राहून बोलले, तर तुला चालेल का? तुझ्या अंगावरचं चारचौघांत वाचलं जाईल.”

“मला कशाला विचारता?”

“इतकी वर्षं तुला न विचारता गप्प बसले. बोलताना तरी विचारावं.”

शर्वरीने तोंड फिरवलं. घसरगुंडीवरून ओवीने ओरडून सांगितलं, “आई बघ, उलटी आले मी!” शर्वरीने डोळे पुसले आणि ओरडली, “डोकं आपटेल गं माकडे, सरळ ये!” मग मान न वळवता म्हणाली, “द्या वह्या. मात्र त्यामुळे मी परत येईन असं समजू नका.”

“नको येऊस,” रोहिणीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मैथिली जवळ आली. तिने आजीचा पदर धरला, लहानपणी धरायची तसाच.

“आजी, न्यायाधीशबाई मला विचारणारेत का?”

“कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. सगळे कुजबुजतात ना.” ती पुन्हा दात ढकलू लागली. “मला बाबा आवडतात पण. पतंगाला कन्नी बाबाच छान बांधतात. तरी मी खरं सांगितलं तर बाबा मला सोडून देतील, आणि खोटं सांगितलं तर आईला पुन्हा… आजी, मी काय सांगू?”

साडेनऊ वर्षांच्या पोरीने हा प्रश्न सात महिने एकटीने वागवला होता. रोहिणीबाई गुडघे धरत खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या.

“तू काहीच सांगायचं नाहीस. तुझं काम दात पाडायचं. सांगायचं काम मोठ्या माणसांचं असतं. सोमवारी कोर्टाची तारीख आहे. मी जाईन आणि मी सांगेन.”

“नक्की?”

“नक्की.”

“देवाची शपथ?”

“शपथ नाही,” रोहिणीबाई म्हणाल्या. “देवाला मी खूप वेळा मध्ये घातलं. हे तुला सांगतेय. फक्त तुला.”

*

सोहमला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. आधी त्याला समजलंच नाही. मग कानशिलं तापली.

“कसल्या वह्या? रामनामाच्या? माझ्याविरुद्ध?”

“हो. वकिलांनी परवा तुलाही दातांचा अहवाल दाखवलाय ना? त्यातल्या तेरा तारखा आणि माझ्या वह्यांतल्या तेरा.”

“आई, तू माझी आई आहेस की तिची?”

“तुझीच.”

“मग? मुली जातील माझ्या हातून! कळतंय का तुला? तुझ्या त्या भिकार वह्यांपायी—” त्याची मूठ टेबलावर आदळली. कप कलंडला, चहा टेबलाच्या कडेवरून ओघळला.

रोहिणीबाईंचं शरीर सवयीने देवघराकडे वळलं होतं. पाऊलही पडलं. मग त्या थांबल्या, उलट फिरल्या, चालत गेल्या आणि घराचं मुख्य दार सताड उघडलं.

“काय करतेस? दार लाव! लोक ऐकतील!”

“ऐकू देत. दार लावून पाहिलं मी, सोहम. तुझ्या बाबांच्या वेळेस लावलं, तुझ्या वेळेस लावलं. काही झाकलं गेलं नाही.”

समोरच्या पाटणकर वहिनी हातात अर्धी निवडलेली मेथी घेऊन त्यांच्या दारात आल्या. “रोहिणी, काही हवंय का गं?”

“काही नको, वहिनी. जरा उभ्या राहा तिथे, एवढंच.”

“राहते की,” वहिनी म्हणाल्या आणि खरोखरच उभ्या राहिल्या, मेथी निवडत.

सोहमची मूठ टेबलावरच राहिली. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच राग जिन्यापर्यंत पोचला होता, आणि जिन्यातल्या उजेडात तो फार लहान दिसत होता. सोहम खाली बसला.

रोहिणीबाईंनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि सांडलेल्या चहापासून दूर ठेवला.

“हा कोर्टात जायचा नाही. हा तुझा आहे. मैथिलीच्या दातांबरोबर चुकून तुझाही एक दात गेला होता. मनमाडच्या मातीतला. डॉक्टरांनी तो वाचलाय.”

सोहमने कागद उचलला नाही. त्यांनीही आग्रह केला नाही. दार तसंच उघडं ठेवून त्या टेबल पुसू लागल्या. बऱ्याच वेळाने वहिनींनी विचारलं, “जाऊ का गं आता? मेथी संपली.”

*

सोमवारी पहाटे नेहमीप्रमाणे अंघोळ झाली, तुळशीला पाणी झालं, निरांजन लागलं. रोहिणीबाईंनी तारीख घातली आणि एकशे आठ नामं लिहिली. समासाशी पेन थबकलं. मग त्यांनी सावकाश लिहिलं, ‘आज मीठ.’

पोहे केले. चिमटीने नीट मीठ घातलं, वर खोबरं-कोथिंबीर पेरली आणि चार घास स्वतः खाल्ले. चव कळली.

वळल्या तर सोहम खोलीच्या दारात उभा होता. रात्रीचेच कपडे, हातात तो कागद. घड्या पडून पडून मऊ झालेला.

“एकोणीस?” त्याने विचारलं.

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“मोजले नव्हते.”

तो भिंतीला टेकला. “मला एकच आठवतं. बाबांनी पितळी डबा फेकला होता. तू मला कुशीत घेऊन गाणं म्हणत होतीस. फार मोठ्याने. मला वाटायचं, आईला गाणं फार आवडतं.”

रोहिणीबाईंनी पोह्यांची बशी टेबलावर ठेवली.

“म्हणजे माझ्यात ते तेव्हापासूनच…” तो म्हणाला.

“नाही,” त्या हळू पण स्पष्ट म्हणाल्या. “तेव्हाचा तो सगळा दोष आमचा, बाबांचा आणि माझा. त्या पोराची बाजू मी कुठेही घेईन. पण शर्वरीवर उगारलेला हात त्या पोराचा नव्हता, सोहम. तो मोठ्या माणसाचा होता. त्याला मी आज वाचवणार नाही.”

“मुली भेटतील मला?”

“तरन्नुम म्हणत होती, आधी तू कबूल व्हायचं, उपचार घ्यायचे, मग तिसऱ्या माणसाच्या देखत भेटी. हळूहळू. मैथिलीला तू आवडतोस. काल मला म्हणाली, कन्नी बाबाच छान बांधतात.”

त्याने कागद तोंडावर धरला. खांदे हलले. टेबलावरचा फोन वाजू लागला, वकिलांचा. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. सोहमने तो उचलला नाही.

“मी तिथे काय सांगू, आई?”

“ते तुझं तू ठरव. मी माझं सांगणार आहे. अकराला सुनावणी आहे. तुझ्याबरोबर येत नाही मी, माझी मी बसने जाते.” त्यांनी चार वह्या फडक्यात बांधल्या आणि टपालातल्या जुन्या खाकी पिशवीत घातल्या. “पोहे निवताहेत. खाऊन घे.”

बाल्कनीत जाऊन त्यांनी तुळशीला हात लावला. कुंडीच्या कडेला माती अजून सैल होती, आणखी एखादा दात मावेल इतकी. पायांत चपला सरकवल्या, पिशवी खांद्याला अडकवली.

बाहेर पडताना दार ओढून घ्यायला हात गेला, तो त्यांनी मागे घेतला. दार तसंच उघडं राहिलं. जिन्याचा कठडा धरत, एकेक पायरी उतरत रोहिणीबाई बसथांब्याकडे निघाल्या.